पुस्तकाची सुरळी करणारे काकाजी

मोहाडीच्या आठवडी बाजारात चपलांचे दुकानदार एका माणसाला दुरूनच ओळखायचे, आणि तो दिसला की चांगला माल मागे सरकवायचे. हा माणूस म्हणजे माझे घरमालक. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजीच म्हणू लागलो. काकाजी चप्पल पायात घालून बघत नसत. ते ती दोन्ही हातांत धरत, टाच अंगठ्याला टेकेपर्यंत वाकवत, मग सोडून देत आणि एक डोळा मिटून ती परत सरळ झाली का ते पाहत. झाली तर म्हणत, "हे चालते." नाही झाली तर तो वाकडा जोड दुकानदाराच्या हातात देऊन पुढच्या दुकानाकडे वळत.

सूप, खराटा, छत्रीची काडी, चष्म्याची दांडी, सगळ्यांची हीच परीक्षा. आंधळगावला कोसा घ्यायला गेले तर कापडाचा रंग न बघता आधी मुठीत चुरगाळत. त्यांच्या पुतणीसाठी एक स्थळ बघायला गेलो होतो तेव्हाचं मला चांगलं आठवतं, कारण मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पोहे संपवल्यावर काकाजींनी रिकामी ताटली दोन्ही हातांत घेतली आणि वाकवली. ताटली वाकली ती वाकलीच.

"पत्रा हलका हाये," काकाजी मुलाच्या बापाला म्हणाले.

ते स्थळ जमलं नाही. काकी परतीच्या वाटेवर आठ किलोमीटर बोलल्या नाहीत. काकाजींना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "वाकवल्याबिगर कसं समजन?" एवढंच ते म्हणाले.

मी त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. दोन खोल्या, तीन ते सहा ही वेळ, आणि भिंतीवर चौदा नियमांची पाटी. चौदापैकी अकरा नियम मी काकाजींमुळे केले होते. चौथा नियम होता, 'पुस्तकाची सुरळी करू नये.' काकाजी हा नियम वाचत, मान डोलावत आणि त्याच्याच खाली उभे राहून पुस्तकाची सुरळी करत.

त्यांच्याइतका वाचणारा माणूस मी तालुक्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं पुस्तकाला छळणाराही नाही. ते पुस्तकाचं अर्धं अंग पूर्ण मागे मुडपत, म्हणजे ते एका हातात मावे. दुसरा हात बैलाच्या कासऱ्याला मोकळा राही. वाचून झालं की घट्ट सुरळी करून मानेमागे बंडीच्या गळ्यात खोचत. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय खाली सोडून ते वाचत बसलेले दिसत. पुस्तकानं चूल फुंकत, माश्या मारत, पाण्याच्या गुंडावर झाकण ठेवत. परत आलेल्या पुस्तकात खुणेला धानाची काडी असे, आणि एकदा तर गोगलगाईचा शंख निघाला. आत गोगलगाय होती.

"काकाजी, हे पुस्तक हाये का फडकं?" मी एकदा चिडून विचारलं.

"फडक्यावानीबी कामी आलं तं चांगलंच झालं ना बाबू."

मी उलट्या टोकाचा माणूस. वाचनालयाला अनुदानातून काचेचं कपाट मिळालं तेव्हा मी सगळ्यात चांगली पुस्तकं त्यात मांडली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. लोकांनी ती पुस्तकं काचेतून बघावीत अशी माझी योजना होती. चार वर्षं ती सुरळीत चालली. पाचव्या वर्षी तपासणीसाठी कपाट उघडलं तेव्हा पुस्तकांचे पुठ्ठे तेवढे जागच्या जागी उभे होते. आतलं सगळं वाळवीनं खाल्लं होतं. वाचनालयाच्या सगळ्यात चांगल्या पुस्तकांपैकी सहाच शिल्लक राहिली. कपाट यायच्या आधी काकाजींनी नेलेली आणि कधीच परत न केलेली ती सहा पुस्तकं होती. यातून मी धडा घेतला. वाळवीची पावडर आणली, कपाट नवीन पुस्तकांनी भरलं आणि आणखी एक कुलूप लावलं.

मग काकाजींचं वाचन थांबलं. शुगरनं त्यांच्या डोळ्यांच्या आतलं काहीतरी बिघडवलं. लांबचं दिसायचं, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पलीकडचा बगळा दिसायचा, पण छापील अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या. चष्मे बदलून झाले, भिंग आणून झालं. तरी ते रोज तीनला वाचनालयात येत, एखादं पुस्तक काढून त्याची सुरळी करत, मानेत खोचत आणि बाकावर बसून राहत. सहाला ते परत ठेवून घरी जात. अशी दोन वर्षं गेली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या दोन वर्षांत पुस्तकं चांगल्या स्थितीत राहिली म्हणून मला बरं वाटत होतं.

अशात पुण्याच्या एका संस्थेच्या बाई आल्या. त्यांच्याजवळ पुस्तकं वाचायची पाच यंत्रं होती. मोबाईलसारखी काच नाही, डोळ्यांवर उजेड मारत नाही, वहीएवढा पातळ करडा पडदा, आणि त्यावर कागदावर असावी तशी काळी अक्षरं. आत दोनशे मराठी पुस्तकं. खेड्यांतल्या वाचनालयांत ती वापरून बघायची होती. गाव जमलं. बाईंनी पडद्याची सुरळी केली आणि सोडली, तो सरळ झाला. मग त्यांनी तो उंचावरून खाली टाकला. आणि मग चप्पल घातलेला पाय त्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

पुढच्या रांगेतले सरपंच उठले, बाईंचा पाय निघताच त्यांनी ते यंत्र उचललं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि कपाळाला लावलं. पुस्तकाला पाय लागल्यावर दुसरं काय करणार? त्यांनी ते मागच्याला दिलं, त्यानंही कपाळाला लावलं. असं ते रांगांमधून कपाळाकपाळानं शेवटच्या बाकापर्यंत गेलं. बाईंना वाटलं, लोक प्रभावित झाले. इकडे त्या क्षणापासून ते यंत्र वापरायची वस्तू राहिलं नाही.

शेवटच्या बाकावर काकाजी होते. त्यांनी ते कपाळाला लावलं नाही. टोकाला टोक टेकेपर्यंत वाकवलं, सोडलं, आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"हे चालते," काकाजी म्हणाले. बाई हसल्या.

जाताना बाई मला म्हणाल्या, "बिनधास्त वापरू द्या हं लोकांना. पावसात न्या, शेतात न्या. मोडलं तर मोडलं, आम्हाला तेच बघायचंय. तीन महिन्यांनी येईन. सगळं ठीक वाटलं तर तुमच्या वाचनालयाला अशी चाळीस देऊ, कायमची."

पाहुणा 'चहा नको' म्हणतो म्हणून आपण चहा टाकायचा थांबत नाही. बाईंचं 'बिनधास्त' मी त्याच हिशेबात धरलं. मोठ्या शहरातली माणसं सौजन्यानं बोलतात, पण तीन महिन्यांनी वस्तू कशी ठेवली ते बघतातच. चाळीस यंत्रं हवी असतील तर ही पाच नव्यासारखी परत द्यायची, हे मी मनाशी पक्कं केलं.

म्हणून वाचक निवडताना मी वाचन बघितलं नाही, घर बघितलं. सरपंच, कारण त्यांच्याकडे काचेचं शोकेस होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, कारण त्यांच्या खोलीतला पृथ्वीचा गोल वीस वर्षांनंतरही प्लास्टिकमध्ये होता. किराणा दुकानदार, कारण त्यांच्या गाडीच्या सीटवरचं शोरूमचं आवरण अजून निघालं नव्हतं. आणि निवृत्त कृषी सहायक, ज्यांनी टीव्हीचा रिमोट टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता. चौघंही यंत्र घेताना म्हणाले, "काळजी करू नका." मला काळजी नव्हतीच.

पाचवं मी माझ्याजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीनला काकाजी आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाबू, त्याच्यात अक्षर मोठं होते म्हनते."

"होते जी."

"मले एक डाव दाखव."

मी यंत्र हातातून न सोडता त्यांच्यासमोर धरलं आणि अक्षर वाढवत गेलो. अजून, अजून, असं ते म्हणत राहिले. शेवटी एका पानावर दहा-बाराच शब्द उरले. काकाजी वाकले. ओठ हलले. मग मोठ्यानं म्हणाले, "विहीर." पुढचा शब्द वाचला, त्याच्या पुढचा वाचला. दोन भावांच्या विहिरीवरून चाललेल्या भांडणाची ती कादंबरी होती. पहिलं वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान दुसरीकडे वळवली, कारण त्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरले होते आणि मला काय करावं ते कळेना. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. नियमांची पाटी मला आठवली ती संध्याकाळी.

तोवर उशीर झाला होता. मी घराच्या फाटकाशी पोचलो तर यंत्राची सुरळी काकाजींच्या बंडीत खोचलेली होती आणि ते बैलांना पाणी दाखवत होते.

पुढचे तीन महिने मी सुखानं जेवलो नाही. काकाजी जे पुस्तकाशी करत तेच आता यंत्राशी करत होते, उलट जास्त, कारण हे फाटत नव्हतं. रोवणीत ते बांधीच्या चिखलात पडलं, त्यांनी तिथल्याच पाण्यात खळबळलं आणि झटकून पुढचं पान काढलं. त्यावर मिरच्या वाळवल्या. त्यानं चूल फुंकली. एकदा गोठ्यात वाचता वाचता डुलकी लागली तेव्हा बैलानं यंत्राचा कोपरा चावला. बैलानं तो थुंकला आणि काकाजींनी वाचन पुढे चालू केलं. मी रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून विचारायचो, "काकाजी, चालू हाये ना जी?" ते वर न बघता म्हणायचे, "धाकल्यानं केस लावली." किंवा, "मोठ्याची बायको माहेरी गेली." दुसरीही कितीतरी पुस्तकं त्यांनी त्या काळात वाचली, पण ती विहिरीची कादंबरी ते पुरवून पुरवून, रोज थोडी वाचत. संपू नये म्हणून तसं करतात, असं काकी म्हणाल्या.

धान कापणीला आलं आणि बाईंचा फोन आला, मंगळवारी येते म्हणून. मी काकाजींकडे यंत्र मागितलं.

"पुस्तकाचे बारा पानं राहिले," ते म्हणाले. "कोर्टाचा निकाल लागाचा हाये."

"मंग वाचजा जी. आता तपासणी हाये."

त्यांनी काढून दिलं. "बाईले मी सांगतो सगळं. कोनत्या अंगानं वाकते, कोनत्या अंगानं नाई. कधी येते ते?"

बुधवारी, असं मी सांगितलं.

हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघालं की त्याचं मलाच नवल वाटलं. मला भीती होती की काकाजी बाईंसमोर बैलाची गोष्ट सांगतील, आणि ते नक्कीच सांगणार होते.

त्या दुपारी मी वाचनालयाचं दार लावून घेतलं आणि यंत्र टेबलावर ठेवलं. हळदीचा डाग, चावलेला कोपरा, कडेला वाळलेला चिखल. मी ते ओल्या कापसानं पुसलं, दात घासायच्या ब्रशनं कडा घासल्या, कोपऱ्यावर कापड ठेवून इस्त्रीनं दाबला, आणि वर जाड कोशांचे चार खंड ठेवले. मग आत काही खराब झालं का म्हणून चालू करून पाहिलं. तिथे एका कोपऱ्यात नोंदी होत्या. वाचलेली पुस्तकं. किती वेळा पडलं. किती वेळा वाकवलं. वाकवण्याचा आकडा चार अंकी होता.

ही एवढी मारहाण यंत्रानं स्वतःच लिहून ठेवली होती. त्याच पानावर खाली 'पूर्ववत नवे करा' असं एक बटण होतं. ते दाबल्यावर यंत्रानं विचारलं, सर्व नोंदी पुसल्या जातील, खात्री आहे का? मी खात्रीनं हो म्हटलं.

मंगळवारी बाई आल्या. चौघांनी आपापली यंत्रं आणली. सरपंचांच्या यंत्रावरचा पातळ कागद अजून निघालेला नव्हता. मुख्याध्यापिकांचं ज्या डब्यात दिलं होतं त्याच डब्यात होतं. कृषी सहायकांनी रोज नेमानं चार्ज केलं होतं, उघडलं एकदाही नव्हतं. दुकानदाराच्या यंत्रावर मात्र काहीतरी होतं. बाई आशेनं पुढे झाल्या.

"हा डाग कसला?"

"हळदकुंकू," दुकानदार म्हणाले. "दसऱ्याले तराजूसंगं पूजा केली जी."

बाईंनी एकेक यंत्र उघडून नोंदी पाहिल्या. वाचलेली पुस्तकं शून्य. वाकवलं शून्य. मग माझं पाचवं घेतलं. चमकत होतं. त्यांनी उघडलं. शून्य.

"मागच्या वेळी शेवटच्या बाकावर एक आजोबा होते," त्या म्हणाल्या. "ते नाही आले?"

"शेतावर आहेत," मी म्हणालो. "कापणी चालू आहे."

"मला वाटलं होतं, ते तरी वापरतील." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते मला उलटं वाचता आलं. 'वाचनाची गरज दिसत नाही,' असं होतं. "ही गाठोड्यात बांधून ठेवायला नव्हती दिली हो. हा पडदा किती सोसतो ते बघायचं होतं आम्हाला. पण तुमच्या गावची माणसं फार जपतात वस्तू."

सरपंचांना ती स्तुती वाटली. त्यांनी बाईंना शाल-श्रीफळ दिलं. माझ्या जिभेवर खरं आलं होतं, शपथेवर सांगतो. पण काकाजींनी वाचलं हे सांगायचं तर ते मी पुसलं हेही सांगावं लागलं असतं, आणि समोर चार प्रतिष्ठित माणसं बसली होती. बाई पाचही यंत्रं घेऊन गेल्या.

बुधवारी तीनला काकाजी आले. धुतलेलं धोतर, तेल लावून बसवलेले केस, आणि हातात चिठ्ठी. वाचलेल्या पुस्तकांची नावं त्यांनी काकीकडून मोठ्या अक्षरांत लिहवून आणली होती. सत्तावीस नावं होती. ते बाकावर बसून राहिले. साडेचार वाजले.

"बाई आली नाई?"

"काल येऊन गेल्या, काकाजी."

"काल? मंग मशीन?"

"नेलं."

त्यांनी चिठ्ठीची बारीक सुरळी केली. "बरं. मी जिथं होतो ते पान तं ठेवलं असन ना त्याच्यात. कधी परत आनलं तं..."

"मी पुसलं जी सगळं," मी म्हणालो. "खराब दिसू नये म्हनून. तुमाले वारबी मीच खोटा सांगितला."

मी त्यांच्या शिव्यांची वाट पाहत होतो, त्या आल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"साफ केलं?"

"हो."

"काहून?"

नंतर मी बाईंना तीन पानांचं पत्र लिहिलं, बैलासकट सगळं कबूल केलं. उत्तर आलं, आपल्या सहकार्याबद्दल आभार, सदर उपक्रम पूर्ण झाला आहे.

पण त्या बुधवारी मी कमरेच्या किल्ल्या काढल्या. काचेच्या कपाटाची दोन्ही कुलपं उघडली. ती विहिरीची कादंबरी तिथे होती, छापील, कोरी, एकदाही न उघडलेली. मी ती आणून काकाजींच्या शेजारी बाकावर बसलो आणि शेवटची बारा पानं शोधली. पुस्तक मी नेहमीसारखं धरलं होतं, दोन्ही तळव्यांवर, अर्धवट उघडून, कणा दुखू नये असं.

"असं नाई," काकाजी म्हणाले. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मधोमध धरलं आणि पूर्ण मागे मुडपलं. कण्याचा कडकन् आवाज झाला. मी डोळे मिटले. "धर. आता एका हातात राहते. वाच."

मी वाचलं. सहाला वाचनालय बंद करायचं असतं, तेव्हा आमची तीन पानं राहिली होती. ती मी उघड्या दारात बसून पूर्ण केली. निकाल असा लागला की विहीर दोघांची.

काकाजींनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्याची सुरळी केली. "हे तं मी पैल्याच दिवशी सांगितलं असतं," ते म्हणाले. "उद्या दुसरं आन. जाडं पाह्यजे."

पुढे पाच वर्षं, ते होते तोवर, मी रोज तीन ते सहा त्यांना वाचून दाखवलं. कपाटाला कुलूप राहिलं नाही. चाळीस यंत्रं आली नाहीत ती नाहीतच. विहिरीची कादंबरी अजून वाचनालयात आहे. ती आता फळीवर उभी राहत नाही, आडवी ठेवावी लागते, आणि उघडली की आपोआप सुरळी होऊ बघते. नवा वाचक आला की विचारतो, पुस्तकाची ही दशा कोणी केली?

मी सांगतो, मी केली.